सातवा रकाना

नारीनच्या इस्पितळात जिन्याखाली माझं टेबल.
मागे नोंदवह्यांची मांडणी, पुढे खिडकी,
खिडकीत उणे अठ्ठावीस.

समोर भिंतीवर सन्मानफलक,
जुन्या राजवटीतला, लाल रंगाला पोपडे आलेले.
चौकटी बारा. चेहरे अकरा.
बाराव्या चौकटीसाठी वरून फॉर्म आला :
सायराकान एजे, रात्रपाळी, पुरुष विभाग,
सेवा एकतीस वर्षं.
एजे म्हणजे थोरली बहीण.
तिच्या बापाच्या वयाचे म्हातारेही तिला एजेच म्हणतात,
विशेषतः सुई टोचायच्या आधी.

रकाना सातवा :
‘उल्लेखनीय कामगिरीचा एक प्रसंग, तारखेसह.’

मी एकतीस वर्षं खाली काढली.
शिंकलो, झटकली, तारखा लावल्या.
प्रसंग नाही.
तिच्या पाळीत कुणी खाटेवरून पडलं नाही.
कुणाच्या पाठीला जखम धरली नाही.
एकाची बाटली दुसऱ्याला लागली नाही.
जे घडलंच नाही
त्याला तारीख कुठून आणू?
नुसत्या वेळा होत्या, तिच्या तिरक्या अक्षरात :
बारा वाजता डाव्या कुशीवर.
दोन वाजता उजव्या कुशीवर.
चारला परत डाव्या.
चार वीस. जागा आहे. घोडीबद्दल बोलला. ऐकलं.

मग माणसांना विचारत फिरलो.
डॉक्टर ताशबोलोत म्हणाले, तिच्या हाताला गुण आहे.
लिहून पाहिलं. रकान्यात बसेना.
मेंढपाळ शरशेन, हिमदंशात तीन बोटं गेलेला,
आधी लाजला, मग म्हणाला,
ते लोखंडी भांडं असतं ना, खाटेवर द्यायचं,
ते ती आधी रेडिएटरवर ठेवते.
मला वाटायचं, इस्पितळातली भांडी गरमच असतात.
मग एक दिवस तिची सुट्टी आली.

आणि बूट, असं कुणीतरी कोपऱ्यातून म्हणालं.
हो हो, बूट, सगळेच म्हणाले.
दिवे मालवायच्या आधी ती खाली वाकते
आणि प्रत्येक खाटेखालचे बूट फिरवते :
टाचा भिंतीला, टोकं दाराकडे.
बोलत काही नाही.
पण रात्री दुखायला लागलं, की हात खाली सोडून
माणूस चाचपून बघतो.

तुरदुबेकचे दोन्ही पाय गुडघ्यापासून काढले,
त्या रात्री सगळा वॉर्ड जागा होता.
आता ही काय करते, हेच बघत.
तिने त्याचे बूट बायकोकडे दिले, पुसून.
खाटेखाली त्याचे हातमोजे ठेवले, मेंढीच्या कातड्याचे.
बोटं दाराकडे.

डोळ्यात तेल घालून जागणं म्हणतात.
मी वर गेलो तेव्हा पावणेतीन झाले होते
आणि तिच्या डोळ्यांत तेल बिल काही नव्हतं,
लाल होते ते, आणि ती खुर्चीला टेकून
सुकी पोळी चहात बुडवत होती.
एजे, म्हटलं, सातवा रकाना.
लिही की काहीतरी, म्हणाली, तू शिकलेला आहेस.
आणि तुझं पेन दे इकडे, माझं संपलंय.
पेन गेलं. वर दटावणी :
इथे मोठ्याने बोलू नकोस, अकरा नंबर आत्ता कुठे डोळा लावतोय.

सकाळी पेन्सिलीने लिहिलं :
‘भांडं गरम. बूट दाराकडे.’
आठवड्याने फॉर्म परत आला.
शेरा होता : प्रसंग अस्पष्ट. तारीख नाही.

खिडकीत उणे एकतीस.
वरच्या मजल्यावर खाट सरकल्याचा आवाज झाला,
म्हणजे दोन वाजले होते, उजवी कूस.
मी त्या दिवशीची तारीख घातली.
दुसरी कुठलीही चालली असती.